बारा ते अठरा

बिबवेवाडीत, अप्पर डेपोच्या अलीकडे,
झेरॉक्सच्या दुकानावर आमचं वाचनालय.
जिना अरुंद. चढणाऱ्यानं उतरणाऱ्याला वाट द्यावी,
ही सूचना माझ्याच अक्षरात, लाल शाईत.
डावीकडे बालविभाग, वय वर्षं बारापर्यंत.
उजवीकडे प्रौढ, अठरापासून पुढे.
मध्ये दीड फुटांची बोळ,
आणि त्या बोळीत, पाठीवरचं दप्तर न काढता,
उभ्या उभ्या वाचणारी श्रावस्ती ओव्हाळ. इयत्ता नववी.

आधी मी तिला सगळी शहाणी पुस्तकं दिली.
आळशी मुलगा शेवटी पहाटे उठायला लागतो,
खोटं बोलणारी मुलगी आईच्या पाया पडते.
दुसऱ्याच दिवशी परत. शिक्क्याची शाई वाळायच्या आत.
"काका, असं एखादं आहे का,
ज्यात शेवटी कुणी काही शिकत नाही?"

तीस वर्षं या टेबलाशी बसतोय.
कुठलं पुस्तक कुठे, डोळे मिटून सांगेन.
हा प्रश्न कुठल्या कपाटात ठेवायचा, मला ठाऊक नव्हतं.

सापडलं एक, प्रौढच्या सगळ्यात खालच्या खणात,
पाठ उसवलेलं, मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं.
एका मुलीचा बाप घर सोडून जातो,
आणि आपल्याला त्याचा राग येत नाही
याचाच तिला राग येतो.
बस. दोनशे पानं एवढंच.
शेवटचा शिक्का शहाण्णव सालचा.

तीन आठवडे ती फिरकली नाही.
मग तिची आई आली, दवाखान्याच्या फिक्या निळ्या युनिफॉर्मात.
"हे असलं देता होय पोरींना?"
टेबलावर आपटलेलं पुस्तक
दुमडलेल्या पानावर आपसूक उघडलं.
म्हटलं, "वाचलंत?"
"वेळ कुणाला आहे," म्हणत म्हणत वाचू लागली,
लेकीसारखीच उभ्यानं, ओठ हलवत.
खाली झेरॉक्सचं मशीन करकरत होतं.
एक पान उलटलं. आणखी एक.
मी बसा म्हटलं नाही.
म्हटलं असतं, तर आपण वाचतोय हे तिच्या लक्षात आलं असतं.

"हे सगळं तिनं वाचलं?"
"दोनदा. एकदा पेन्सिलच्या खुणा, एकदा निळ्या पेनाच्या."
खुणा करण्यास मनाई आहे, तीही सूचना माझीच.
"घरात तर एक शब्द बोलत नाही हो."
एवढं बोलून तिनं दंडाचे चौदा रुपये मोजले,
पावती मागितली,
आणि पुस्तक जमा न करताच जिना उतरली.

वाढत्या वयाची मुलं, असं आपण म्हणतो,
जणू वय एकटंच वाढतंय,
आणि मुलं बाहेर चपलांपाशी थांबलीत.

रविवारी मी दिवाळी अंकांचं कपाट रिकामं केलं.
पट्टी लिहायला बसलो.
किशोर. खोडलं. श्रावस्ती स्वतःला किशोर कशाला म्हणेल?
कुमारवयीन. पोलिसांच्या पत्रकातलं वाटलं. खोडलं.
तरुण. त्यांना अजून तशी घाई नाही,
घाई आपल्याला.
"पट्टी नको, काका," श्रावस्ती खांद्यामागून म्हणाली.
"आमच्यासाठी म्हणून लिहिलंत,
की आम्ही हात लावणार नाही."

तर कपाटाला नाव नाही.
चिटणीस दामल्यांनी विचारलं, "हे कुणाचं?"
म्हटलं, "दुरुस्तीला काढलेली पुस्तकं आहेत."
बरीचशी आहेतही.

काल एक मुलगा, अजून नावही न नोंदवलेला,
त्यातलंच एक घेऊन जिन्यात बसला होता,
तिसऱ्या पायरीवर, पाय पसरून.
चढणारे त्याला ओलांडून चढले,
उतरणारे ओलांडून उतरले.
सूचना त्याच्या डोक्यावरच होती, लाल शाईत.
मी जिन्यातला दिवा तेवढा लावला.