अर्धा सेकंद

आमच्या गावाच्या खाली नकाशात फारसं काही नाही.
एक खाडी, थोडी बेटं, मग सरळ बर्फ.
पुएर्तो विल्यम्समध्ये मी खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करतो
आणि रात्री माणसं मारतो,
स्क्रीनवर, एका बंद पडलेल्या कापडगिरणीत,
चौघांविरुद्ध चौघं.

छपरावरची ताटली आकाशाकडे नव्हे, जवळजवळ डोंगराकडे बघायची,
उपग्रह इथून इतका खाली.
बर्फ पडला की आधी वर जाऊन झाडूनं ती झाडायची,
मगच खेळ.
बटण दाबलं की ते वर जायचं,
साओ पावलोच्या कुठल्याशा गार खोलीत उतरायचं,
आणि उत्तर त्याच वाटेनं यायचं, दमत.
कोपऱ्यात पिंगचा आकडा लाल: सहाशे वीस.
दुसऱ्या रंगात तो आम्ही पाहिलाच नव्हता.

अर्धा सेकंद म्हणजे काय मोठं, असं लोक म्हणतात.
लोकांना कधी मेल्यावर पळावं लागलेलं नाही.
मी भिंतीआड पोचलेला असायचो, सुटलो म्हणायचो,
आणि मग कळायचं
की मी मघाशीच, उघड्यावर, पडलोय.

तर शिकलो.
माणूस दिसतो तिथे नसतो, हे एकदा मनाशी पक्कं केलं.
जिन्यावर दिसला की गोळी दारात.
दारात कोणी नसायचं.
मग असायचं.
ग्वायाकीलचा एक पोरगा चिडून लिहायचा, ब्रुखो!
चेटक्या! तुला भिंतीपलीकडचं दिसतं!
भिंतीपलीकडचं नाही रे बाबा.
मला एवढंच दिसायचं
की घाबरलेला माणूस बहुधा डावीकडे वळतो,
नवखा काडतुसं भरताना थांबतो,
आणि ज्याची बाजू हरतेय तो पळण्याआधी
एकदा तरी मागे बघतो.
अकरा वर्षं हे जमवलं, पै पै करून.

मग मार्चमध्ये जहाज आलं, पोटातून केबल सोडत,
रिळातून दोरा सुटावा तशी, खाडीच्या तळापर्यंत.
धक्क्यावर भाषण झालं, एम्पानादा वाटल्या.
मी आणि येर्को घरातच, राउटरच्या दिव्यापुढे,
कोंबडीखालच्या अंड्याकडे बघावं तसे.
हिरवा.
पिंग: बावन्न.

येर्को रडला. खरंच.
नवं कार्ड, नवा मॉनिटर, सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेम,
डबक्यात पडलेलं गिरणीच्या दिव्याचं प्रतिबिंब,
सगळं त्यानं हप्त्यावर घेऊन ठेवलं होतं वर्षभर,
स्थळ ठरायच्या आधीच शालू घ्यावा तसं.

मीही बसलो. काय सांगू, लोणी.
दाबलं की झालं.
बोट आणि गोळी यांच्यामध्ये वारासुद्धा शिरत नव्हता.

आणि एकही लागली नाही.

जिन्यावर दिसला, मी दारात मारली,
तो जिन्यावरच होता, आरामात, माझ्याकडे बघत.
ग्वायाकीलच्या पोरानं एका फेरीत मला नऊ वेळा पाडलं
आणि नवव्यांदा लिहिलं,
बरा आहेस ना?

येर्को म्हणतो, महिन्याभरात हात रुळेल.
रुळेलही. हिरव्या आकड्याशी माझं भांडण नाही,
गेल्या रविवारी तर उजाडेपर्यंत उठलो नाही,
त्या डबक्याच्या काठाशी नुसता उभा राहिलो,
दिवा हलत होता त्यात, आणि कुणीतरी मला मारून गेलं.

पण काल जेवताना
ओरिआनाचा कप टेबलाच्या अगदी कडेला होता.
तो अजून घसरला नव्हता
आणि माझा हात खाली जाऊन थांबला होता.
काय करतोयस, बाबा?
काही नाही, म्हटलं.
तिनं कप उचलला, उरलेलं दूध प्यायली, आत गेली.
माझा हात तिथेच होता,
जमिनीपासून वीतभर वर.