मोजमाप वही, कोरी पानं

निवृत्तीच्या दिवशी खात्यानं शाल दिली, नारळ दिला.
मोजमाप वही मात्र मीच उचलून आणली,
निळ्या पुठ्ठ्याची, कोरी.
कुणी विचारलं नाही.

पहिल्या पानावर सवयीनं लिहिलं :
कामाचे नाव — साबा बेटास जाणे.
उदगीरहून हैदराबाद, पहाटेच्या एसटीनं.
पुढं पॅरिस. पुढं सिंट मार्टेन.
तिथून एक बारकं विमान, बारा मिनिटं.
बारा मिनिटांत आपल्याकडं
फाटकात अडकलेला रिक्षासुद्धा सुटत नाही.

मुस्तकीमच्या दुकानावर पाटी आहे :
हज, उमरा, अजमेर, तिरुपती.
त्यानं नकाशा मोठा केला, अजून मोठा केला,
म्हणाला, साहेब, बोट ठेवलं की बेटच झाकतंय.
मग बोट काढ, म्हटलं.

जावई म्हणतो, दुबई करा, बँकॉक करा,
ग्रुप असतो, जेवण आपलं असतं.
तिथं तर म्हणे धड वाळूसुद्धा नाही किनाऱ्याला.
मी नुसता हं म्हणतो.

एका रस्त्यासाठी जायचंय, हे कसं सांगू.
मोठमोठ्या इंजिनिअरांनी तो डोंगर बघितला
आणि सांगितलं, इथं रस्ता होणे नाही.
मग गावातल्याच एकानं टपालानं धडे मागवले
आणि पहार, फावडं, माणसांचे हात,
वीसेक वर्षं लावून केला.
नाव काय ठेवलं? रस्ता.
नुसतं रस्ता.
एकच आहे, दुसरं नाव लागतंय कशाला.

मी एकतीस वर्षं रस्ते केले.
देगलूरकडं जाताना किलोमीटर चौदा ते एकोणीस
माझ्या सहीचे आहेत.
वहीत साठ मिलीमीटर, जमिनीवर चाळीस.
त्या वीस मिलीमीटरबद्दलही
कुणी विचारलं नाही.

महानंदाला या कशात रस नव्हता.
मटकी निवडता निवडता एकदाच म्हणाली,
पाणी कुठलं पितात तिथं?
म्हटलं, नदी नाही. छपरावरचं पाणी
घराखालच्या हौदात उतरवतात.
म्हणजे आपल्यासारखीच गत.
नाही, म्हटलं. ते साठवतात.

ती गप्प झाली.
टँकरवाल्याचा नंबर तिला पाठ आहे,
पोरांचे बघून लावते.
आठवड्यानं गवंडी दारात उभा,
अंगणात चुन्यानं आखलेला चौकोन,
दहा बाय बारा.
मला न विचारता.
माप मात्र बरोबर होतं.

तिला सांगितलं, त्यांच्या राजधानीचं नाव आहे तळ,
आणि गाव वसलंय वर, डोंगरात.
म्हणाली, त्यात काय. आपल्या तळेगावात
तळं दाखवा की.

अंदाजपत्रक : सात लाख चाळीस हजार.
अधिक आकस्मिक खर्च, पाच टक्के.
आकस्मिकमधी माझा गुडघा धरा, म्हणाली.
धरला.
हौदाचे वजा केल्यावर
जाणं एक वर्ष पुढं गेलं.

धावपट्टी चारशे मीटर.
ते मी दोनदा वाचलं.
दोन्हीकडं कडा, खाली समुद्र.
चारशे मीटरचं बिल मी एका दुपारी
चहाबरोबर काढलेलं आहे.
तिथं एक मीटर कमी भरला असता तर?

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला.
कशासाठी जाताय, काका?
पाहणी, म्हटलं.
त्यानं तसंच लिहून घेतलं.

सोबत न्यायच्या वस्तूंत
लोणचं आहे, शेंगाचटणी, गुडघ्याचा पट्टा,
आणि तीन मीटरची टेप.
टेप कशाला, महानंदानं विचारलं.

सांगितलं मग. चौदा ते एकोणीस. सगळं.

तिनं मटकीतला एक खडा उचलून
बाजूला ठेवला.
म्हणाली, समुद्रापार जायच्या आधी
देगलूर रोडला जाऊन या ती टेप घेऊन.
जरा वेळानं म्हणाली,
मीबी येते.
गुडघ्याला तेवढाच सराव.