खोलीच्या खाली

नवतप्याचा तिसरा दिवस. मानेवाड्यात दुपारी अडीचला
रस्त्यावर फक्त रसवंती आणि तिची घंटी.
माझ्या डेस्कटॉपवर एका फ्लॅटस्कीमचं चित्र शिजतंय:
सहा मजले, काचांवर ढग, खाली निळा तरणतलाव.
प्रोसेसर शहाण्णव अंशांवर.
मग स्क्रीन काळी. न भांडता, न सांगता.

तलावात पाणी अर्धंच भरलं होतं.

बुलडीतला लछवानी दोन खोकी समोर ठेवतो.
एकात धातूचा बुरूज, पातळ पत्र्यांची थप्पी,
तांब्याच्या सहा नळ्या, वर पंखा. वजन किलोभर.
दुसऱ्यात रबरी नळ्या, चपटा पंप, रेडिएटर
आणि लग्नाच्या मांडवासारखे रंग बदलणारे दिवे.
'मॅडम, पाण्याचाच घ्या. नागपूर आहे हे.
इथं हवाच तापलेली, ती कुणाला थंड करणार?'
बोलणं पटण्यासारखं. हवेचे साडेतीन हजार, पाण्याचे नऊ.
म्हटलं, उद्या सांगते.

उद्या म्हणजे बाबांना विचारून.

बाबांनी एकोणचाळीस उन्हाळे कूलर बांधले.
इतवारीत पत्र्याचं दुकान, पाटीवर 'निखारे कूलर्स'.
गिऱ्हाईक हसायचं, आणि म्हणूनच विसरायचं नाही.
डावा कान मोटारींनी नेला.
मी उजवीकडे बसून सांगितलं सगळं,
प्रोसेसर, पेस्ट, पंप.

'पंप खोलता येते का?'
'नाही. सीलबंद असतो.'
'अन् पंखा?'
'चार क्लिपा.'
'मंग मले कायले विचारून राहिली?'

मी हट्टानं म्हटलं, पाणी उष्णता जास्त ओढून नेतं, बाबा.
'नेते ना. पण टाकते कुठं? याच खोलीत.
आपल्या कूलरचं पाणी उडून जाते, म्हणून निववते.
तुयं पाणी नुसतंच फिरते.
खोली बेचाळीस, तं तेही बेचाळीस.
खोलीच्या खाली कोणी जात नाही, पोरी.'

मग जरा थांबून, भिंतीकडे पाहत:
'एका मे महिन्यात एकाच दिवशी अकरा पंप जळले.
सायकलवर अकरा घरं.
पंखा मेला तं आवाजानं समजते.
पंप गुपचूप मरते. घरचे समोरच बसून राह्यतात,
म्हणतात, हवा तं येऊन राहिली.'

हवेचाच आणला.
बसवला, आणि तो दोन सूत उंच निघाला.
डब्याची बाजू काही केल्या लागेना.
लछवानीनं मापच विचारलं नव्हतं, मीही नाही.
मी झाकण उघडंच ठेवणार होते.
बाबा उठले, माळ्यावरून पत्र्याची कात्री काढली,
पेन्सिलनं चौकोन आखला, कापला,
जुन्या कूलरची जाळी खिळ्याऐवजी तारेनं शिवली.
पस्तीस हजारांच्या मशीनला आता
इतवारीची खिडकी आहे.

एक्क्याऐंशी अंश. दुपारी नाही, रात्री.
दुपारी मशीनही झोपतं, आमच्यासारखं.
रात्री एकला काम लावते, तेव्हा कुठं
भिंती घेतलेलं ऊन परत करणं थांबवतात.

खोक्यातला कागद वाचायला घेतला तेव्हा कळलं:
त्या तांब्याच्या नळ्या पोकळ असतात.
प्रत्येकीत थेंबभर पाणी.
खाली वाफ होते, वर निवते,
आतल्या आत पाझरत परत येते.
पंप नाही. कुणी ढकलत नाही.

उजव्या कानात सांगितलं.
त्यांनी दोनदा सांगायला लावलं.
'म्हणजे लछवानीनं पाणी फुकटच देल्लं,'
म्हणाले, आणि डब्याच्या मागं तळवा धरून बसले,
लग्नघरात भट्टीपाशी बसतात तसे.
'लू आहे बे ही,' म्हणाले. 'चांगली लू आहे.'

तीनच्या सुमारास तलाव भरला.
निळा, स्थिर, अजून न बांधलेल्या इमारतीखाली.
बाबा खुर्चीतच झोपले होते,
चांगला कान पंख्याकडे.