बिदियाच्या तळावर

हानलोरेबाई ब्रेमेनहून आल्यात.
माझा पायघोळ दिशदाशा न्याहाळत विचारतात,
"तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाळूतलेच ना?"
मी मान हलवतो.
आमची वाळू आंजर्ल्याच्या खाडीतली,
पण वाळूच की.

"रात्री ताऱ्यांवरून वाट काढता?"
काढतो. तो खालचा लाल तारा पेट्रोलपंपाचा,
तिथून डावीकडं वळलं की
मलबारी माणसाचं हॉटेल. पराठा बरा असतो.

"बायका किती?"
एक. तीही दापोलीत.
बाई वहीत काहीतरी टिपतात,
बहुधा पुढं शून्य लावतात.

खरा इथला म्हणाल तर सैफ.
उंट त्याचा, तंबू त्याचा, सात पिढ्या त्याच्या.
तो गाडीत एसी लावून
मुलीच्या भूमितीशी झुंजतोय. धूळ चालत नाही, दमा आहे.
बाईंनी त्याला ड्रायव्हर समजून पाच युरो दिले.
त्यानं निमूट घेतले,
संध्याकाळी सगळ्या तळाला चहा पाजला.

"अंगणात खणलं तर तेल लागतं?"
खणलं होतं एकदा, संडासासाठी.
कातळ लागला.

जाताना बाई बाटलीत वाळू भरतात,
तंबूपुढची, मंगळवारी ट्रकनं ओतलेली.
अगदी जपून बूच लावतात.
बोलवेना.

मग आईचा फोन.
"दिलावर, उंटावरनं पडला नाहीस ना कामावर जाताना?
आणि तिकडं म्हणे पाणी विकत नि तेल फुकट!
मग मुबीनबरोबर धाड की एक डबा,
बांगडे तळायला."

मी मान हलवतो.