लिफ्टचं नाणं

अकरा वर्षं मी बाईंची अँब्युलन्स हाकली.
आता त्यांची कचेरीची गाडी हाकतो,
काळी, स्वच्छ, मुकी.
पहिल्या दिवशी सवयीनं हात सायरनकडे गेला
तर तिथं रेडिओ.

डॉक्टर लामारा गोगुआ. मागच्या सीटवर फायली,
फायलींवर चष्मा, काचेबाहेर तिबिलिसीचा धूसर जानेवारी.
वरून निरोप येतो, पुढच्या तिमाहीत बघू.
बाई गाडीत बसतात, बूट काढतात,
बराच वेळ काही बोलत नाहीत.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो:
ग्लदानीच्या त्या उंच इमारतींत
लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं.
नाही, तर जिना.
त्या रात्री आमच्या खिशात नाणं नव्हतं.
नऊ मजले. माझ्या खांद्यावर ऑक्सिजनचं नळकांडं,
बाई पुढे, दोन दोन पायऱ्या.

न्हाणीघरात गिझरची ज्योत तेवढी जळत होती.
पोरीचे गाल लालबुंद.
आई म्हणत होती, रंग बघा ना हिचा,
किती छान आहे, बघा ना.

उजाडेपर्यंत आम्ही तिथंच होतो.
अंगणातून बाईंनी वर बोट दाखवलं:
धुराच्या पाइपाच्या तोंडात चिमणीचं घरटं.
"मुर्मान, आपण एप्रिलमध्ये यायला हवं होतं,
ते बांधलं जात होतं तेव्हा."

त्याच वर्षी त्यांनी अँब्युलन्स सोडली.
लोक म्हणाले, खुर्ची मिळाली.
मिळाली खरी. डुगडुगत होती,
मीच पायाखाली पुठ्ठा सारला.
सहा हिवाळे गेले. दोन समित्या,
गोदामातून नाहीशा झालेल्या तीनशे वायूघंट्या,
आणि एक कागद, सतरा टेबलं फिरून आलेला,
सही नाही,
कुणाच्या तरी कॉफीचा गोल डाग मात्र आहे.

काल म्हणाल्या, थांबव.
मान वर करून खिडक्या मोजत होत्या.
"अकरावा मजला. सगळ्या पाइपांतून वाफ, त्यातून नाही."

म्हातारीनं दार उघडलं. बाईंनी आधी खिडकी उघडली,
मग गिझर बंद करून सील लावलं.
म्हातारी कडाडली:
आग लागो तुझ्या सरकारला!
आज नातवाला न्हाऊ घालायचंय,
पाणी तू तापवणार?

बाईंनी कोट काढला, बाह्या सरसावल्या,
शेगडीवर पातेलं ठेवलं.
पाण्याला आधण येईतो शिव्या थांबल्या नाहीत,
त्यांच्या आजीपर्यंत पोचल्या.
मी हळूच म्हटलं, निघू या?

"थांब रे," बाई म्हणाल्या,
"शिव्या द्यायला श्वास लागतो. ऐकू दे जरा."

वहीत लिहायला काहीच नव्हतं.
बाळाच्या मानेला साबणाचा फेस होता, तो मी पाहिला.

वर जाताना नाणं मी टाकलं होतं.
हल्ली खिशात मूठभर असतातच,
चालताना वाजतात.
उतरताना लागत नाही.