करंट असताना

भिंगरी लंगडते हे मला तिसऱ्या दिवशी दिसलं.
आधीचे दोन दिवसही दिसत होतं,
पण साडी पुरी करायची होती,
आणि ऊन खाताना कोंबडी एका पायावर उभी राहतेच की.

तिसऱ्या दिवशी ती कणीला आली नाही.
परड्यात शेवग्याच्या बुंध्याशी बसून राहिली,
एक पंख मातीला टेकवून.

गंगव्वा भिंतीवरून वाकली. म्हणाली, कोळी, कालु नोडु.
तिच्यात कोंबडीला कोळी म्हणतात.
लग्न होऊन चंदगडाकडनं वडगावात आले, त्या पहिल्या महिन्यात
ती अशीच कोळी कोळी करत घरात शिरली होती,
आणि मी आढ्याला जाळं शोधत राहिले.
तिची कोंबडी आमच्या मागाखाली होती.
आता कळतं सगळं. कालु म्हणजे पाय.
तरी मुद्दाम म्हटलं, काल नाही गं, परवापासनं.

पाय हातात घेतला. गरम.
मांस दोन्ही बाजूंनी फुगून आलेलं,
मधे एक बारीक खाच,
खाचेच्या तळाशी
राणी कलर.

आमचाच दोरा.
माझ्या कांडीवरचा, मीच झाडून परड्यात लोटलेला.

तीस वर्षं तुटलेले दोरे जोडत आले,
झोपेत, तापात, दिवा गेल्यावर चाचपून,
गाठ अशी की साडीला कळू नये.
सोडवायला बसले तेव्हा बोटांना उमजेना
सुरुवात कुठनं करायची.

गंगव्वानं तिला मांडीत दाबलं, तोंडावर पदर टाकला.
अंधार झाला की कोंबडीला रात्र वाटते.
कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवला, मग
सुईचं नेढं आत सारायचं, दोरा उचलायचा,
अर्ध्या ब्लेडनं कापायचा. एक वेढा.
आत माग चालूच राहिला होता.
सात वेढे निघाले. सातव्याबरोबर थोडं कातडं आलं.
ती ओरडली नाही. चांगल्या पायाची नखं
माझ्या अंगठ्यात रुतवली, बस्स.

परत जाऊन बघते तर ताण्यातले चार दोरे तुटलेले,
साडीत वीतभर रेघ.
शहापूरच्या शेठनं ती उजेडात धरली, चाळीस रुपये कापले.
कशानं झाली विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
कुणाच्या तरी निऱ्यांत झाकून जाईल.

जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला,
एवढ्यासाठी रिक्षा करून आलात? रस्सा करायचा की.
पण म्हशीचं मलम दिलं, अर्धी ट्यूब,
आणि वर, पाय जमिनीला टेकू देऊ नका.

मग बाजाराच्या पिशवीला दोन भोकं पाडली,
त्यातनं पाय सोडले,
आणि पिशवी दुसऱ्या मागाला टांगली.
तो दोन वर्षं बंदच आहे, कामाला तरी आला.
नऊ दिवस लोंबकळत राहिली, कणी खात, खाली घाण करत,
चालू मागाच्या खडखडाटात गाढ झोपत.
करंट गेला की दचकून जागी व्हायची.
मीही.

मधलं बोट काळं पडलं, वाळलं.
एका सकाळी पिशवीखाली पडलं होतं.
खडा समजून झाडूनच टाकणार होते.

आता चालते. चुलीच्या राखेत पाय उमटतो
तो तिचा, हे लगेच ओळखू येतं.
अंडी देते, भांडते, दाराशी घाण करते.
फक्त फांदीवर उडी जमत नाही.
दिवेलागणीला बाकीच्या शेवग्यावर चढून बसतात
आणि ही खाली उभी राहते, मान वर करून,
मग माझ्या दाराकडं बघत.
हाक मारत नाही.

मी माग थांबवते. जाते, तिला उचलून फांदीवर ठेवते,
नखं मिटेपर्यंत हात काढत नाही.

आवाज बंद झाला की गंगव्वा पलीकडनं विचारते,
का गं? करंट ऐतल्ला?
आहे की, मी म्हणते. आहे.