फुली-गोळा

तातारांच्या त्या गावात हंस
दूध-पाणी वेगळं करत नाहीत,
मोतीबिती टिपत नाहीत.
चिखल ढवळतात, गवत खुडतात,
पोस्टमनच्या पोटरीला डसतात.
थंडीत त्यांची चरबी पोरांच्या गालांना चोळतात,
एवढाच काय तो त्यांचा मोठेपणा.

मार्च संपता संपता कोल्ह्यानं हंसिणीला नेलं.
आदल्या दिवशीच बसली होती खुडूक होऊन.
मागं टोपलीत अकरा अंडी.
मिंझिफानं हात लावला:
कोमट.
नवऱ्याला तिनं नुसतं बोटानं दाखवलं.

मिन्नेगाली कोठारात गेला
आणि मेलेल्या फ्रिजची पेटी, दोन बल्ब,
ट्रॅक्टरच्या केबिनमधला पंखा घेऊन आला.
चाळीस वर्षं त्यानं बंद पडलेलं जे जे सुरू केलं
ते आधी उघडून.
इंजिनांनी त्याचे कान नेले,
हात ठेवले.

प्रत्येक अंड्याला पेन्सिलीनं
एका अंगाला फुली, एका अंगाला गोळा.
सकाळी फुली वर, दुपारी गोळा, रात्री पुन्हा फुली.
असा डाव, ज्यात कुणीच जिंकत नाही,
फक्त कूस बदलत राहायची
दुसऱ्याची.

दहाव्या रात्री दिवा घालवून
अंड्यामागे टॉर्च धरला.
आठांत लाल रेघांचा कोळी, मधे हलणारा ठिपका.
तिघांत काहीच नाही.
नुसता उजेड.
ती उकडून कुत्र्याला घातली.

मग रोज पंधरा मिनिटं झाकण उघडायचं.
हंसीण उठली असती ना मधेच,
डबक्यात शिरून ओल्या पोटानं परतली असती.
मिंझिफा तेवढ्यात चहा पिते,
गुलफिराशी कुंपणावरून दोन शब्द भांडते
आणि ओले हात घेऊन परत येते.

सव्विसाव्या दिवशी नदीचा बर्फ फुटला
आणि जाताना विजेचा खांब घेऊन गेला.
पेटी गार पडायला लागली.
घरात नमद्याचे बूट दोन जोड,
चार बुटांत आठ अंडी,
बूट भट्टीच्या कठड्यावर.
रात्रभर दोघं आळीपाळीनं
बुटांत हात घालून बघत होती,
पाय कुणाचेच आत नसताना.

पहाटे ती म्हणाली, बोलतायत.
तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.
तिनं एक अंडं काढून त्याच्या तळव्यावर ठेवलं,
वरून त्याचीच बोटं मिटली.
बराच वेळ काही नाही.
मग तो दचकला.
म्हणाला, जरा मोठ्यानंच, बहिरे म्हणतात तसं:
पकडतंय!
स्टार्टर पकडतोय!

दुसऱ्या दिवशी एक चीर. टोकाएवढा खड्डा.
त्यानंतर दिवसभर शांत.
तो उठला, बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.
मिंझिफानं काढून घेतला.
आतल्या पडद्यात अजून रक्त आहे,
बलक पोटात ओढून घ्यायचाय त्याला,
हे सगळं तिनं हातवाऱ्यांनी सांगितलं
आणि शेवटी नुसतं: नको.

तेव्हा तो बाकावर बसला,
दोन्ही तळवे मांड्यांखाली घालून,
पुरते, मनगटापर्यंत.
रात्र झाली. तो हलला नाही.
मिंझिफानं त्याच्या खांद्यावर शाल टाकली
आणि मनात म्हणाली,
बसली एकदाची.

सात निघाले.
ओले, चिडके, मान न पेलणारे,
वाळल्यावर पिवळे.
आठव्यावर गोळा वर होता. तो वरच राहिला.
टाकून दे, ती म्हणाली.
त्यानं ते कानाशी नेलं,
ज्या कानाचा काही उपयोग नाही त्याच्याशी,
मग मुठीत घेतलं.
काही नाही, म्हणाला,
आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

मे आला तरी नमद्याचे बूट माळ्यावर गेले नाहीत.
सात जण त्यांतच झोपतात.
तो अनवाणी अंगणात निघाला
की रिकामे बूट सोडून
मागोमाग निघतात, रांगेनं,
त्याला ऐकू येत नाही अशा आवाजात
त्याला हाका मारत.
तो वळून वळून मोजतो.